फ्रीजमागचं स्टूल

आमच्या दुकानात खोकल्याचं औषध मागणाऱ्याला आधी खोकून दाखवावं लागतं. नव्या माणसाला वाटतं, बाई चेष्टा करतायत. तो इकडंतिकडं बघतो आणि भाषणाआधी पुढारी घसा साफ करतात तसला एक खोटा खोकला काढतो. मी म्हणते, "हा नको. घरी येतो तो दाखवा." मग तो ओशाळून हसतो, हसताना घशात हवा जाते आणि खरा खोकला आपोआप बाहेर पडतो. तो ऐकला की माझं निम्मं काम झालेलं असतं.

साताऱ्याकडच्या औंधात एकतीस वर्षं मी औषधाचं दुकान चालवलं. दुकानाला रीतसर नाव आहे, पाटीवर ठळक रंगवलेलंही आहे, पण ते बहुधा मी आणि तपासणीला येणारे साहेब एवढेच वाचत असू. बाकी सगळे 'बाईंचं मेडिकल' म्हणतात. आता तिथं माझी मुलगी बसते. मी सकाळी दोन-तीन तास मदतीला जाते. मदत होते की अडचण, ते तिला विचारा. या अंकासाठी अनुभव लिहा असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, एकतीस वर्षं लिहायला घेतली तर त्यातली वीस नुसती ताप-डोकेदुखीची निघतील. त्यापेक्षा खोकल्याचं लिहिते. माझा अभिमानही खोकल्यातच आहे आणि माझी सगळ्यात मोठी चूकही.

खोकल्याला लोक उगीच शत्रू समजतात. श्वासनळीत धूळ गेली, कफ साठला, की तिथल्या नसा मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका केंद्राला कळवतात आणि ते केंद्र हुकूम सोडतं, बाहेर काढा. छातीत कफ असेल तर हा हुकूम योग्यच असतो. तो खोकला आपण दाबला तर घाण आतच राहायची. पण कधीकधी सर्दी-पडसं जाऊन आठवडा होतो, कफ नसतो, तरी घशात नुसती खवखव राहते आणि केंद्र हुकूम सोडत बसतं. माणूस बोलू शकत नाही, पाठ टेकू शकत नाही, बरगड्या दुखून येतात. हा कोरडा खोकला. दाबायचा तो एवढाच.

त्यासाठी जे औषध मी सगळ्यात जास्त विकलं त्याचं नाव डेक्स्ट्रोमेथॉर्फन. नाव उच्चारतानाच माणसाला ठसका लागेल, म्हणून आम्ही दुकानात डेक्स्ट्रो म्हणतो. लोकांना वाटतं, हे औषध घशाला लेप देतं. ते पिऊन पाणी न पिता बसून राहणारेही मी पाहिलेत. घशात ते काहीच करत नाही. पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाऊन ते त्या केंद्राचा कान जरा जड करतं, म्हणजे बारीकसारीक तक्रारीवर हुकूम सुटत नाही. अर्ध्या तासात काम सुरू होतं, पाच-सहा तास टिकतं. कोडीनचं औषध असतं त्याची सवय लागते, गुंगी येते, जास्त झालं तर श्वासच मंदावतो. त्याला चिठ्ठी आणि नोंद लागते. डेक्स्ट्रो त्याच खानदानातलं, पण स्वभावानं बरं. ठरल्या मापात घेतलं तर सवय लावत नाही. 'ठरल्या मापात' हे शब्द मात्र विसरायचे नाहीत. बाटलीच्या बाटली रिचवली तर डोकं भ्रमतं, नसलेलं दिसायला लागतं. कॉलेजची तीन पोरं एकदम तीन बाटल्या मागायला आली की मी तिघांनाही रांगेत खोकायला लावायची. ती पोरं परत यायची नाहीत.

आणि माप म्हणजे बाटलीवरचं झाकण, रेघा असलेलं. आमच्याकडं घरातला चमचा म्हणजे आमटी वाढायच्या पळीपासून चहाच्या चमच्यापर्यंत काहीही असू शकतं. एका आजींनी मला अभिमानानं त्यांचा 'औषधाचा चमचा' दाखवला होता, त्यात दोन झाकणं सहज मावत होती. चार वर्षांखालच्या मुलाला तर हे औषध मी कधीच दिलं नाही, आईनं कितीही गयावया केली तरी. त्यापुढच्या मुलाला डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. दम्याच्या माणसाला नाही, बिडी ओढणाऱ्याच्या सकाळच्या खोकल्याला नाही. सर्दीच्या गोळीत आधीच डेक्स्ट्रो असेल तर वरून बाटली नाही. दारूबरोबर नाही. घेतल्यावर पेंग येते का हे कळेपर्यंत गाडी चालवायची नाही. आठवड्यात थांबला नाही तर डॉक्टर, आणि दोन आठवडे झाले की थुंकी तपासायची, तिथं माझ्याशी वाद नको.

खोकला ऐकायचा कान मला माहेरानं दिला. माहेर सांगलीच्या बाजूचं, जैन शेतकऱ्याचं. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी दिली की वडील, चुलते सगळे खोकायचे, आणि आई चुलीपाशी बसून नुसत्या आवाजावरून सांगायची, हा धुराचा, हा सर्दीचा, हा काम टाळायचा. आमच्याकडं मध खात नाहीत. त्यामुळं 'कोमट पाण्यातून चमचाभर मध घ्या, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नका' हा सल्ला मी आयुष्यभर वाटला, पण मध लागतो कसा ते मला आजही माहीत नाही. कुठला मध चांगला, असं कुणी विचारलं की मी म्हणायची, खाणाऱ्याला विचारा.

या कानाचा मला गर्व होता, लपवण्यात अर्थ नाही. एक एसटीचा कंडक्टर सहा महिने गावोगावच्या दुकानांतून बाटल्या नेत होता. माझ्याकडं आला तेव्हा मी त्याचा खोकला ऐकला. कोरडा ठणठणीत, ना ताप ना सर्दी. विचारलं, "ब्लडप्रेशरची गोळी कधी सुरू झाली?" तो म्हणाला, "सहा महिने झाले असतील." ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी असा खोकला येतो. डॉक्टरांकडं परत पाठवला, त्यांनी गोळी बदलली, काही आठवड्यांत खोकला गेला. त्यानं एसटीत माझी एवढी जाहिरात केली की पुढं दहिवडीहून माणसं नुसती खोकून दाखवायला यायची.

आणि एक होते हवालदार नाना. नाना फौजेतून निवृत्त, सत्तरीचे, मिशा अजून कवायतीतल्या. गावात त्यांचा दरारा. थोरला मुलगा अपघातात गेला त्या दिवशीही माणूस स्मशानात ताठ उभा होता, आणि गाव ते अजून कौतुकानं सांगतं. थंडी सुरू झाली की नाना दुकानासमोर येऊन उभे राहायचे.

"बाई, खोकल्याची बाटली."

"खोकून दाखवा, नाना."

"अठरा वर्षं फौजेत काढली, कुण्या मेजरनं मला खोकायला लावलं न्हाई." असं म्हणून ते सावधान उभे राहून खोकायचे.

"आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

"आपल्याला गोळी फकस्त बंदुकीची म्हाईत हाय!"

सगळं दुकान हसायचं, मीही हसायची आणि बाटली द्यायची. दरवर्षी हाच संवाद, शब्दही तेच.

आता चुकीकडं येते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्या घरची आहे त्या घरच्या सुनेला विचारून लिहिते आहे. नावं बदलली आहेत. सुनेला सुवर्णा म्हणू आणि सासूला इंदूआत्या.

सुवर्णाचा नवरा सैन्यात, पोस्टिंग लांब. पहिली मुलगी झाल्यावर सुवर्णा दोनेक महिने कुणाला दिसली नव्हती. अंगावर दूध कमी आहे, थंडी बाधली, असं इंदूआत्या सांगायच्या. बाजाराच्या दिवशी दोघी दुकानात आल्या. समोर सात-आठ माणसं उभी, नानाही होते. सुवर्णानं खोकून दाखवलं. अगदी कोरडा, पडशानंतरचा. मी नेहमीच्या आवाजात, म्हणजे पलीकडच्या चपलांच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अंगावर पाजतेस?"

"न्हाई काकी, बंद झालं."

"आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत का गं?"

सुवर्णानं सासूकडं बघितलं. इंदूआत्या लगेच म्हणाल्या, "आवं बाई, तिला कशाच्या गोळ्या? धडधाकट हाय माझी सून."

ती नजर मी पाहिली होती. पाहून सोडून दिली, कारण मागं माणसं खोळंबली होती आणि प्रश्न विचारून माझं कर्तव्य झालं होतं. डॉक्टरची चिठ्ठीही मागितली नाही. पडशाच्या खोकल्याला कोण चिठ्ठी आणतं, असं आम्ही सगळेच दुकानदार स्वतःला सांगतो. दोन झाकणं, दिवसातून तीनदा, त्यापेक्षा जास्त नाही, असं बजावून बाटली दिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला इंदूआत्यांची मुलगी ज्योती धावत आली. नवी कोरी साडी, केसात गजरा, आणि चेहरा पांढराफटक. त्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते हे सगळ्या आळीला माहीत होतं.

"काकी, ओआरएसची पाकिटं द्या. वैनीला वारं आलंय. घाम लय सुटलाय, थांबंनाच."

वारं म्हणजे अंगात देवी येणं. यमाईच्या गावात ते नवीन नाही, मी पुष्कळदा पाहिलं आहे. पण वाऱ्याला ओआरएस मागायला कुणी आलं नव्हतं.

"कधीपासून?"

"तास झाला. पाहुण्यांफुडं खोकला यायला नको म्हणून आईनं सकाळपास्नं औषध पाजलंय, तरीबी दुपारी..."

"किती पाजलंय?"

"म्हाईत न्हाई. निम्मी बाटली तरी सपली."

दुकान तसंच उघडं टाकून मी तिच्यामागं निघाले. एकतीस वर्षांत असं एकदाच केलं.

पुढच्या सोप्यात खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. पोह्यांच्या बश्या तशाच. चटईवर सुवर्णा, केस मोकळे, कपाळभर कुंकू. शेजारची म्हातारी हात जोडून "आई, काय चुकलं ते सांग" म्हणत होती. मुलाची आईसुद्धा पदर सावरून हात जोडून बसली होती. इंदूआत्या पाहुण्यांना सांगत होत्या, "यमाईचं वारं हाय. येतं तिला मधनंमधनं. उतरंल आता."

मी खाली बसले, मनगट धरलं. नाडी मोजता येईना इतकी पळत होती. अंग तापलेलं, साडी घामानं भिजलेली. दारातून लख्ख ऊन आत येत होतं तरी डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. आणि पाय. वारं आलेली बाई सगळी घुमते, थकते, पडते. हिचे पाय गुडघ्यापासून खाली आपले आपण झटके देत होते, ती कळवळून ते धरायचा प्रयत्न करत होती आणि तिला धरता येत नव्हते. ती मला म्हणाली, "काकी, पाय थांबवा." देवी असं म्हणत नाही.

मी इंदूआत्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"आत्या, हिला कसल्या गोळ्या चालू आहेत?"

"कसल्याबी न्हाईत."

"आत्या, ही देवी नाही. मी दिलेल्या औषधानं झालंय, आणि दुसरी कुठली तरी गोळी पोटात असल्याशिवाय एवढं होत नाही. हिचा जीव जाईल."

बाहेर कुणीतरी कपबशी ठेवल्याचा आवाज आला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "बाई, पाहुणं बसल्यात हो. माझ्या ज्योतीचं जमत आलंय. घरात येडाच्या गोळ्या चालत्यात म्हणल्यावर कोण करंल तिला?"

"सुवर्णा गेली तर कोण करेल?"

हे मी कठोरपणे बोलले. अजून बोचतं. पण त्यांनी हात वर करून शेवयांचा डबा काढला, शेवयांत हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट माझ्यासमोर धरलं. बाळंतपणानंतर सुवर्णाचं मन पार खचलं होतं. पोरीला हातात घ्यायलाही तिला भीती वाटायची. कुणाला न सांगता ह्याच सासूनं तिला मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं होतं आणि महिन्याच्या महिन्याला एसटीनं जाऊन गोळ्या आणत होती. डॉक्टरांनी नुकताच डोस वाढवला होता. पाकिटावर मिरजेच्या दुकानाचा शिक्का होता. तीच गोळी माझ्या दुकानात तिसऱ्या खणात होती. माझ्या कानावर जायला नको म्हणून ही बाई तिच्यासाठी मिरजेपर्यंत जात होती. मी त्यांच्याकडं अडाणी म्हणून कधीच बघू शकले नाही. सून वाचवायचं निम्मं काम त्यांनी आधीच केलं होतं.

काय झालं होतं ते साध्या शब्दांत सांगते. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं एक रसायन वाढतं ठेवतात. डेक्स्ट्रोही त्याच रसायनाला वर ढकलतं. त्यातल्या काही गोळ्या तर यकृताला डेक्स्ट्रोचा निचराच करू देत नाहीत, ते अंगात साचत जातं. दोन्ही घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, पण माप चढलं की घाम, ताप, धडधड, झटके, भ्रम, आणि वेळेवर लक्ष दिलं नाही तर मरणही. म्हणून या गोळ्या चालू असतील तर खोकल्याचं औषध टाळायचं असतं. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नसतात, हेही तितकंच लक्षात ठेवायचं.

सोप्यात आले तेव्हा सगळे माझ्याकडं बघत होते. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हटलं, "माझ्या दुकानातल्या औषधाची रिॲक्शन आली आहे. चूक माझी आहे. हिला आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे."

दारात गाडी एकच होती, पाहुण्यांची. मुलाचे वडील काही न विचारता उठले आणि किल्ली काढली. साताऱ्यापर्यंत सुवर्णाचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय इंदूआत्यांच्या. दवाखान्यात डॉक्टरांनी दारातच खड्या आवाजात विचारलं, "आणखी काय औषधं चालू आहेत?" अगदी माझ्यासारखंच. मुलाचे वडील शेजारी उभे होते. मी गाडीत एका कागदावर दोन्ही औषधांची नावं आणि मापं लिहून ठेवली होती. तो कागद डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडं एकदा बघितलं, कागद घडी करून खिशात घातला आणि तिला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी झटके थांबले. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली आणि तिनं मुलीला मागितलं.

ते स्थळ जुळलं नाही. पत्रिकेचं कारण आलं. खरं कारण मला माहीत नाही, मी शोधलंही नाही. ज्योतीचं पुढच्या वर्षी दुसरीकडं झालं आणि बरं झालं.

माझं म्हणाल तर 'बाईंच्या मेडिकलमध्ये चुकीचं औषध देतात' हे महिन्याभरात पार पुसेसावळीपर्यंत गेलं. वीस वर्षं जोडलेली गिऱ्हाइकं समोरून जाऊन पुढच्या दुकानात शिरायला लागली. एकानं मी दिलेली न फोडलेली बाटली काउंटरवर आणून ठेवली, जपून, साप ठेवावा तशी. मुलगी चिडायची. "आई, खरं सांगून टाक ना. लपवलं त्यांनी, आणि नाव आपलं?" मी सांगितलं नाही. एक तर ते गुपित माझं नव्हतं. दुसरं म्हणजे, मी त्या सोप्यात बोलले ते अगदीच खोटं नव्हतं. आठ माणसांसमोर विचारलेल्या प्रश्नाला आमच्या भागात 'न्हाई' हे एकच उत्तर असतं. एवढी वर्षं मी प्रश्न विचारत होते, पण खरं उत्तर मिळेल अशी जागा मी कुणाला दिलीच नव्हती.

म्हणून स्टूल आलं. आमच्या दुकानात इन्शुलिन ठेवायचा एक उंच फ्रीज आहे. त्याच्यामागं एक स्टूल ठेवलं आणि नियम केला, खोकल्याचं औषध पाहिजे त्यानं आत यायचं, स्टूलावर बसायचं, तिथंच खोकायचं आणि तिथंच सांगायचं. सरपंच असो नाहीतर शाळेतल्या बाई. सगळ्यांनाच बसवलं म्हणजे बसणाऱ्याकडं कुणी बघत नाही. आवाजही खाली आणला. तेवढं सगळ्यात अवघड गेलं.

त्या फ्रीजमागं मला माझं गाव नव्यानं कळलं. आखाड्यात कुणाला न ऐकणारा गडी झोपेच्या गोळीशिवाय झोपत नव्हता. हसतमुख म्हणून नावाजलेली एक बाई पाच वर्षं सुवर्णाचीच गोळी घेत होती. कुणाला फिट्सची, कुणाला भीतीची. बहुतेकांच्या पाकिटांवर मिरज, सातारा, कराड, लांबलांबचे शिक्के. प्रत्येकाला वाटत होतं, गावात आपण एकटेच. आणि मला वाटत होतं, मला या गावातलं घर न् घर माहीत आहे.

नाना मात्र स्टूलावर बसायला तयार नव्हते.

"पडद्याआड बसायला मी काय बाळंतीण हाय?"

"मग बाटली नाही, नाना."

"आवं, इतकी वर्सं देत आलाय की!"

"म्हणूनच नाही."

ते ज्येष्ठमधाच्या गोळ्या घेऊन पाय आपटत जायचे. पुढच्या दुकानात मात्र जात नसत. पुढच्या आठवड्यात परत यायचे, परत तोच वाद.

गेल्या थंडीत, बाजाराच्या दिवशी, दुकानात पुन्हा पूर्वीसारखी नसली तरी बऱ्यापैकी माणसं होती. नाना काठी टेकून वाद घालत होते. सुवर्णा आली, कडेवर पोर, मागं इंदूआत्या. अधूनमधून ती फ्रीजमागं यायची. तिसऱ्या खणातली गोळी आता आमच्याकडूनच जायची, गुपचूप, कागदात गुंडाळून. मी सवयीनं आत बोट दाखवलं.

ती जागची हलली नाही. काउंटरवर डॉक्टरची चिठ्ठी ठेवली आणि सरळ आवाजात म्हणाली, "काकी, माझ्या मनाच्या गोळ्या संपल्यात. महिन्याच्या द्या. अन् खोकला झालाय, तर ह्या गोळ्यांवर चालंल असं काय असलं तर सांगा. नसंल तर गरम पाणी पिते."

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण मान खाली नव्हती. मग मागून इंदूआत्या बोलल्या, कुणालाही उद्देशून नाही, समोरच्या कपाटाकडं बघत.

"त्या टायमाला बाईंनी इचारलं हुतं. ह्या हितंच. म्याच न्हाई म्हणून सांगितलं. बाईंच्या दुकानाचा काय बी दोष नव्हता."

मी खण उघडला, गोळ्या मोजल्या, परत मोजल्या. माझी मुलगी शेजारी उभी होती, तिनं माझ्या हातातून पाकीट घेऊन चिठ्ठीवर लिहिलं. सुवर्णाला खोकल्याचं औषध दिलं नाही. गरम पाण्याची वाफ आणि मध सांगितला. तिनं विचारलं, "कुठला मध घेऊ?" आणि मला हसू आलं, रडूही आलं.

त्या दोघी गेल्या. माणसं एकेक करून आपापलं मागायला लागली. नाना अजून तिथंच होते. वाद अर्धवट राहिला होता, पण ते वाद घालत नव्हते. त्यांना खोकला आला, कोरडा, लांबलेला. तो संपेपर्यंत ते काउंटरला धरून उभे राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, त्ये स्टूल रिकामं हाय का?"

मी काउंटरची फळी वर केली. नाना आत आले, काठी फ्रीजला टेकवली आणि सावकाश बसले. बंडीच्या आतल्या खिशातून त्यांनी चौपट घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. दरवर्षी मी हसत हसत दिलेल्या सगळ्या बाटल्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

"कधीपासून घेताय, नाना?" मी विचारलं. यावेळी आवाज खाली होता.

"थोरला गेल्यापास्नं," नाना म्हणाले.

मी गोळीचं नाव वाचलं. तिसऱ्याच खणात होती.